हातात नसलेले कागद : ईगलटन प्रकरण, जुलै १९७२

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या डेस्कवर येणाऱ्या कॉपीत काही क्रियापदं हमखास असतात. ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जाते’, ‘चर्चा रंगली आहे’. चर्चा कधी ‘खमंग’ असते, कधी ‘दबक्या आवाजात’ चाललेली असते. कोणाला समजलं, कोण बोललं, कुठे रंगली, याचा त्या वाक्यात पत्ता नसतो. मराठीत कर्ता गाळूनही वाक्य पुरं होतं, आणि या सोयीचा आम्ही बातमीदारांनी भरपूर वापर केला आहे.

उमेदवाराबद्दलची कुजबुज छापावी की नाही, हा विषय नव्या मुलांसमोर काढायचा असतो तेव्हा मी इथलं उदाहरण घेत नाही. इथल्या उदाहरणात प्रत्येकाला आपला पक्ष, आपली जात, आपला तालुका आठवतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. मी त्यांना अमेरिकेत नेतो, १९७२ च्या जुलै महिन्यात. अठरा दिवसांचं प्रकरण आहे. उमेदवार एकच, त्याच्याबद्दलच्या कुजबुजी दोन. एक खरी निघाली, एक खोटी. खरी ज्यांच्या कानावर आली होती ते छापण्याआधी थांबले. खोटी ज्याच्या कानावर आली तो थांबला नाही.

फोनवर झालेली निवड

डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन मायामी बीचला भरलं होतं. व्हिएतनाम युद्धाला ठाम विरोध करणारे साउथ डकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांना अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. समोर होते रिचर्ड निक्सन. उपाध्यक्षपदासाठी मॅकगव्हर्न यांनी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या मोठ्या नावांनी नकार दिला. १३ जुलैच्या दुपारी, मुदत संपत आलेली असताना, मिझुरीचे बेचाळीस वर्षांचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोन गेला. मॅकगव्हर्न यांचे सहकारी फ्रँक मँकिविच यांनी त्याच फोनवर विचारून घेतलं की जुनं काही बाहेर येण्यासारखं आहे का. ईगलटन नाही म्हणाले. चौकशी म्हणावी तर एवढीच. आपल्याकडे गावच्या सोसायटीच्या पॅनेलसाठीसुद्धा याहून जास्त विचारपूस होते.

ईगलटन यांना पूर्वी नैराश्याचा गंभीर त्रास झाला होता. १९६० ते १९६६ या काळात ते तीनदा रुग्णालयात दाखल झाले होते आणि त्यांना दोनदा विजेच्या झटक्यांचे उपचार दिले गेले होते. ही माहिती त्यांनी मॅकगव्हर्न यांना दिली नव्हती.

अधिवेशन संपतं न संपतं तोच नाइट वृत्तपत्रसमूहाच्या डेट्रॉइटमधल्या दैनिकात एक निनावी फोन आला. बोलणाऱ्याने रुग्णालयाचा आणि उपचारांचा उल्लेख केला. तसाच फोन मॅकगव्हर्न यांच्या कचेरीतही गेला होता.

कात्रणं आणि बंद झालेलं दार

नाइट समूहाच्या रॉबर्ट बॉइड आणि क्लार्क हॉइट या दोन बातमीदारांनी पुढे जे केलं ते मी वर्गात सावकाश सांगतो, कारण त्यात नाट्य कमी आणि काम जास्त आहे.

हॉइट मिझुरीतल्या सेंट लुइसला गेले आणि आधी जुनी कात्रणं घेऊन बसले. ईगलटन यांची सार्वजनिक कारकीर्द तारीखवार लावत गेल्यावर त्यात मोकळ्या जागा दिसू लागल्या. एरवी रोज कुठे ना कुठे भाषण करणारा हा तरुण नेता मधेच काही काळ कुठेच नाही, आणि त्या त्या वेळी छापून आलेलं कारण थकव्याचं नाहीतर पोटाच्या तक्रारीचं. मग हॉइट एका डॉक्टरच्या दारात जाऊन उभे राहिले. प्रश्न ऐकल्यावर डॉक्टरने ‘खोटं आहे’ असं म्हटलं नाही. याबद्दल मला बोलता येणार नाही, एवढं सांगून त्याने दार लावून घेतलं.

त्या क्षणी त्यांच्याकडे काय होतं ते मुलांना बोटांवर मोजायला सांगतो. एक निनावी फोन. कात्रणांतल्या मोकळ्या जागा. एक बंद झालेलं दार. आमच्या डेस्कच्या नेहमीच्या मापाने हे भरपूर झालं. ‘ईगलटन यांच्या मनोविकाराची दबक्या आवाजात चर्चा’ असा मथळा देऊन बातमी त्याच रात्री गेली असती, आणि ती खरी निघाली असती म्हणून पुढे कोणी जाबही विचारला नसता.

बॉइड आणि हॉइट यांनी ती दिली नाही. हाती आलेलं सगळं त्यांनी टाइप केलं आणि तो कागद घेऊन ते साउथ डकोटात मॅकगव्हर्न यांच्या गोटात पोचले. आमच्याकडे हे आहे, आम्हाला ईगलटन यांच्याशी बोलायचं आहे, वैद्यकीय नोंदी पाहायच्या आहेत, असं त्यांनी मँकिविच यांना सांगितलं. म्हणजे ज्याच्यावर बातमी होती त्याच्याच माणसांना त्यांनी छापण्याआधी सगळं दाखवलं. यात धोका काय होता हे कोणताही बातमीदार सांगेल, आणि तो धोका खराही ठरला. २५ जुलैला ब्लॅक हिल्सच्या पाइनच्या जंगलात, सिल्व्हन लेक इथे, मॅकगव्हर्न आणि ईगलटन यांनी स्वतःच पत्रकार परिषद घेतली. तीन वेळचं रुग्णालय, विजेचे उपचार, सगळं ईगलटन यांनी आपल्या तोंडाने सांगितलं. बातमी देशभर एकाच वेळी फुटली. बॉइड आणि हॉइट यांची ‘एक्स्क्लुझिव्ह’ गेली ती गेलीच.

पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, राष्ट्रीय वार्तांकनाचं पुलित्झर, म्हणजे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, त्या दोघांनाच मिळालं. मुलांना हे ऐकून बरं वाटतं. पण मला ते उदाहरणाचं मर्म वाटत नाही. पुलित्झर मिळालं नसतं तरी त्यांनी केलं ते बरोबरच होतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो यायलाच हवा. माणसाचं मानसिक आजारपण ही बातमी आहे का? एका मुलीने मला विचारलं होतं, ‘सर, बायपास झाली असती तर एवढं केलं असतं का?’ प्रश्न रास्त आहे. मराठीत आजही ‘शॉक दिले’ हे शब्द आवाज खाली आणून बोलले जातात, ‘येरवड्याला पाठवा’ हे वाक्य भांडणात शिवीसारखं येतं, आणि नैराश्याची गोळी घेणारा माणूस ती डबीत लपवून ठेवतो. १९७२ च्या अमेरिकेत परिस्थिती फार वेगळी नव्हती. तरी माझं उत्तर असं की अण्वस्त्रांचा निर्णय ज्याच्या हाती जाऊ शकतो अशा पदाचा हा उमेदवार होता, आणि गंभीर आजाराची माहिती त्याने आपल्याला निवडणाऱ्यालाही दिली नव्हती. लोकांना ते कळणं योग्य होतं. मात्र नुसती कुजबुज म्हणून कळणं योग्य नव्हतं. आजाराचं नाव, वर्षं, उपचार, आजची प्रकृती हे सगळं नेमकेपणाने पुढे आलं तरच वाचक न्याय करू शकतो. ‘डोक्यावर परिणाम झालाय म्हणे’ एवढ्यावर वाचक फक्त भिऊ शकतो.

अँडरसन यांचं एक वाक्य

सिल्व्हन लेकच्या पत्रकार परिषदेनंतर मॅकगव्हर्न म्हणाले की आपण ईगलटन यांच्या पाठीशी एक हजार टक्के आहोत. ईगलटन प्रचाराला निघाले. २७ जुलैला ते होनोलुलूमध्ये असताना जॅक अँडरसन यांनी आपल्या रेडिओ कार्यक्रमात सांगितलं की दारू पिऊन आणि बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल ईगलटन यांना झालेल्या अर्धा डझन अटकांच्या फोटोस्टॅट प्रती आम्ही आता शोधून काढल्या आहेत.

हे अँडरसन कोण, ते मराठी वाचकाला सांगायला हवं, कारण त्यांचं आपल्यावर एका अर्थी ऋण आहे. १९७१ च्या डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेचं सरकार उघडपणे आपण तटस्थ असल्याचं सांगत होतं. आत बैठकांत हेन्री किसिंजर अधिकाऱ्यांना बजावत होते की अध्यक्षांना पाकिस्तानच्या बाजूने झुकतं माप हवं आहे. त्या बैठकांची गुप्त इतिवृत्तं अँडरसन यांनी मिळवली आणि छापली. सरकारने खळखळ केली तेव्हा १९७२ च्या जानेवारीत मूळ कागदच त्यांनी इतर वृत्तपत्रांना पाहायला दिले. या कामासाठी १९७२ चं पुलित्झर त्यांना मिळालं. शेकडो वृत्तपत्रांत त्यांचा स्तंभ जात असे. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशातला हा माणूस नव्हता. कागद हातात धरून सत्तेशी भिडणारा आणि त्यासाठी नावाजलेला बातमीदार होता.

जानेवारीत त्यांच्या हातात कागद होते. जुलैत नव्हते. जुलैतल्या वाक्यावर लोकांनी विश्वास ठेवला तो जानेवारीतल्या कागदांमुळे.

आता ते वाक्य जवळून बघा. ‘शोधून काढल्या आहेत.’ मिळाल्या आहेत असं नाही, पाहिल्या आहेत असंही नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र टेबलावर पसरलेल्या झेरॉक्स येतात, पोलिसांचा शिक्का येतो, तारीख येते. प्रत्यक्षात काय होतं? ट्रू डेव्हिस नावाच्या गृहस्थांचं सांगणं होतं. डेव्हिस हे मिझुरीचे बँकर, पूर्वी स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकेचे राजदूत. १९६८ मध्ये सिनेटच्या तिकिटासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत ते ईगलटन यांच्याविरुद्ध उभे होते आणि हरले होते. त्या प्रचारात असे कागद आपल्यापर्यंत आले होते, असं त्यांचं म्हणणं. चार वर्षांपूर्वीचे कागद, हरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या आठवणीत.

हरलेला माणूस खोटंच बोलतो असं मला म्हणायचं नाही. राजकारणातल्या कितीतरी खऱ्या बातम्या नाराज माणसानेच दिलेल्या असतात. तिकीट कापलेल्याइतकी माहिती कोणाकडेच नसते. पण तो हरलेला आहे हे ऐकणाऱ्याला सांगायला हवं होतं. अँडरसन यांच्या वाक्यात डेव्हिस नाहीत. तिथे फक्त ‘आम्ही’ आहोत आणि ‘प्रती’ आहेत. सांगणारा गाळला, की सांगण्यामागचं कारणही त्याच्याबरोबर गळून जातं.

ईगलटन यांनी होनोलुलूमधूनच हे धडधडीत खोटं असल्याचं सांगितलं. इतर बातमीदारांनी मिझुरीत शोध घेतला. दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद कोणालाही मिळाली नाही. अँडरसन यांना त्या प्रती कधीच दाखवता आल्या नाहीत.

घाई का केली, हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलं: दुसरा कोणी आधी देईल ही भीती. इतक्या अनुभवी माणसाने दिलेलं हे कारण आणि आमच्या तालुक्याच्या वार्ताहराने रात्री अकरा वाजता फोनवर दिलेलं कारण शब्दशः एकच असतं: ‘साहेब, त्यांच्याकडे पण आहे, उद्या ते लावतील.’ मला या वाक्याची भीती वाटते, कारण ते जवळजवळ नेहमी खरं असतं. दुसऱ्याकडेही ती कुजबुज असतेच. पण त्याच्याकडेही असणं म्हणजे ती खरी असणं नव्हे. पुष्कळदा दोघांनाही सांगणारा एकच असतो.

अर्धी माफी

३० जुलैच्या रविवारी ‘फेस द नेशन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अँडरसन आणि ईगलटन समोरासमोर आले. पडताळणी होण्याआधी बातमी द्यायला नको होती, असं म्हणून अँडरसन यांनी ईगलटन यांची माफी मागितली. आणि त्याच बैठकीत, बातमी मात्र पूर्ण मागे घेत नाही, अजून एका गोष्टीचा तपास राहिला आहे, असंही सांगितलं.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट ही आहे, मूळ वाक्यापेक्षाही वाईट. मूळ वाक्य घाईत बोललं गेलं होतं. तीन दिवसांनी घाई उरली नव्हती. हातात काही नाही हे त्यांना कळलेलं होतं, आणि तरी ‘खोटं होतं’ हे दोन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. सिद्ध करता येत नसेल तर आरोप मागे घ्यायचा असतो. ‘अजून तपास चालू आहे’ म्हणून तो टांगता ठेवला की आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचं ओझं आरोप झालेल्याच्या डोक्यावर जातं. आपल्याला सहा वेळा अटक झाली नव्हती, हे कोणी आणि कोणत्या कागदाने सिद्ध करायचं?

त्याच रविवारी दुसऱ्या एका कार्यक्रमात पक्षाच्या अध्यक्ष जीन वेस्टवुड यांनी ईगलटन यांनी बाजूला व्हावं असं सुचवलं. एक हजार टक्के पाठिंबा चार-पाच दिवसांत विरघळला होता. ३१ जुलैच्या संध्याकाळी ईगलटन यांनी उमेदवारी सोडली. त्यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर आले. अँडरसन यांनी बातमी पूर्णपणे मागे घेतली ती १ ऑगस्टला. एक दिवस उशिरा.

नुकसान नेमकं कोणाचं

अँडरसन यांच्या खोट्या बातमीने ईगलटन गेले, असं सांगितलं तर गोष्ट सुबक होते, पण तसं घडलेलं नाही. त्यांना जावं लागलं ते मुख्यतः खऱ्या बातमीमुळे आणि ती लपवल्यामुळे. उलट अँडरसन यांच्या आरोपाने ईगलटन यांना काही दिवस सहानुभूतीच मिळाली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मग खोट्या कुजबुजीने बिघडलं काय?

माझं उत्तर असं. २५ जुलैपासून अमेरिकेसमोर एक खरा आणि अवघड प्रश्न होता: मानसिक आजारातून बरा झालेला माणूस एवढ्या मोठ्या पदावर असावा का, आणि त्याने हे लपवणं क्षम्य आहे का? डॉक्टरांनी, मतदारांनी, पक्षाने यावर शांतपणे बोलायला हवं होतं. दोनच दिवसांनी त्यात दारू आली, अटका आल्या, झेरॉक्स आल्या. चर्चा आजारावरून चारित्र्यावर घसरली. ज्यांना ईगलटन नको होते त्यांना एक खोटं कारण जास्तीचं मिळालं. ज्यांना ते हवे होते त्यांना, ‘बघा, सगळंच खोटं आहे’, असं म्हणायची सोय झाली. चिकाटीने मिळवलेली खरी बातमी आणि ऐकीव बातमी एकाच पारड्यात पडली. सिद्ध न झालेली बातमी उमेदवाराचं नुकसान करते हे सगळे सांगतात. ती शेजारच्या सिद्ध झालेल्या बातमीचंही नुकसान करते, हे मला या प्रकरणातून कळलं.

नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकली. ईगलटन मात्र १९७४ आणि १९८० मध्ये पुन्हा सिनेटवर निवडून आले आणि १९८७ पर्यंत तिथे होते.

‘पण चर्चा होती, हीच बातमी नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. अधिवेशनाच्या रात्रीच ईगलटन यांच्या पिण्याबद्दल प्रतिनिधींमध्ये बोललं जात होतं, हे खरं. चर्चेमुळे काही घडलं, पक्षाने चौकशी लावली, उमेदवाराने जाहीर उत्तर दिलं, तिकीट कापलं, तर जे घडलं त्याची बातमी होते आणि तिच्यात चर्चेचा उल्लेख टाळता येत नाही. २८ जुलैला देशातल्या इतर संपादकांसमोर हाच पेच होता. अँडरसन यांचा आरोप आणि ईगलटन यांचा इन्कार न देणं त्यांना शक्य नव्हतं. तरीही नुसतं दोघांचं म्हणणं देणारे आणि मिझुरीच्या नोंदी कोणाला सापडल्या की नाही हेही सांगणारे यांत फरक आहेच. पहिल्यांनी कुजबुज पुढे सरकवली, दुसऱ्यांनी ती तपासली.

छत्तीस वर्षांनी तेच हॉइट

क्लार्क हॉइट पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे लोकसंपादक झाले, म्हणजे वाचकांच्या वतीने आपल्याच वृत्तपत्राचं मूल्यमापन करणारे. २१ फेब्रुवारी २००८ ला या वृत्तपत्राने अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांच्यावर मोठी बातमी छापली. आठ वर्षांपूर्वी मॅकेन यांच्या काही सहकाऱ्यांना एका महिला लॉबिस्टशी, म्हणजे कंपन्यांच्या वतीने सरकारदरबारी वजन वापरणाऱ्या व्यक्तीशी, त्यांची जवळीक खटकली होती आणि संबंध प्रेमाचे असावेत असा संशय आला होता, असं नाव न दिलेल्या माणसांच्या आधारे त्यात होतं. दोघांनीही ते नाकारलं होतं. संबंध होते असं बातमीत कुठेही म्हटलेलं नव्हतं. वाचणाऱ्याला मात्र तेवढंच दिसलं.

तीनच दिवसांनी हॉइट यांनी त्याच वृत्तपत्रात लिहिलं की असा संबंध सूचित करायचा असेल तर वाचकांपुढे याहून अधिक पुरावा ठेवायला हवा होता; तो नसताना निनावी सहकाऱ्यांना काय वाटत होतं एवढं छापणं चूक आहे. संपादकांचा बचाव असा होता की बातमीचा गाभा वेगळाच, मॅकेन यांच्या बेफिकिरीचा होता. हॉइट यांनी तो मान्य केला नाही. त्या महिलेने दावा लावला, आणि २००९ मध्ये, पैसे न देता झालेल्या तडजोडीत, असा संबंध असल्याचं आम्हाला म्हणायचं नव्हतं अशी टीप वृत्तपत्राला छापावी लागली.

बेचाळीस वर्षांच्या उमेदवाराबद्दलचा निनावी फोन हातात असताना जो तरुण बातमीदार थांबला होता, तोच इतक्या वर्षांनी आपल्या वृत्तपत्राला सांगत होता की थांबायला हवं होतं. हे दोन प्रसंग जोडून वाचले की मला धीर येतो.

याच प्रकरणाचं आणखी एक टोक आहे. १९७२ च्या एप्रिलमध्ये, उमेदवारी ठरण्याआधी, रॉबर्ट नोव्हाक यांच्या स्तंभात नाव न दिलेल्या एका डेमोक्रॅटिक सिनेटरचं वक्तव्य आलं होतं. मॅकगव्हर्न युद्धासाठीची सैन्यभरती टाळणाऱ्यांना माफी, गर्भपात आणि गांजा कायदेशीर करणं या गोष्टींच्या बाजूचे आहेत हे लोकांना अजून माहीत नाही, कळलं की ते संपले, असा त्याचा आशय. विरोधकांनी त्याचं घोषवाक्य केलं आणि मॅकगव्हर्न यांना ते शेवटपर्यंत चिकटलं. नोव्हाक यांनी ते वाक्य स्वतःच रचलं, असा आरोप वर्षानुवर्षं होत राहिला. ईगलटन २००७ च्या मार्चमध्ये वारले. त्यानंतर नोव्हाक यांनी नाव सांगितलं: तो सिनेटर ईगलटनच होते. नोव्हाक यांनी ते वाक्य त्या माणसाच्या तोंडून स्वतः ऐकलं होतं, दिलेला शब्द पस्तीस वर्षं पाळला. तरी सांगणारा कोण हे मतदारांना माहीत नव्हतं, आणि तोच माणूस पुढे मॅकगव्हर्न यांचा जोडीदार झाला. इथे वर्गात दोन तट पडतात आणि मी ते मिटवत नाही.

आपल्याकडे

आपला कायदा उमेदवारावर आणि त्याच्या माणसांवर नजर ठेवतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार दुसऱ्या उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल खोटं विधान, जे खरं आहे असं सांगणारा स्वतःही मानत नाही, ते प्रसिद्ध करणं हा भ्रष्ट आचार आहे. निवडणुकीत असं खोटं विधान करणाऱ्या कोणालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली दंड होऊ शकतो. वृत्तपत्रांसाठी प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि पडताळणी न झालेले आरोप छापू नयेत असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण कौन्सिलला फार तर समज देता येते. मतदानाच्या आदल्या रात्री अकरा वाजता डेस्कवर यांपैकी कोणी नसतं.

त्या रात्री मी होतो. जिल्हा परिषदेची निवडणूक होती, पान सोडायची वेळ झाली होती. वार्ताहराच्या कॉपीत ओळ होती: अमुक गटातला अपक्ष ‘मॅनेज’ झाल्याची जोरदार चर्चा आहे. मी ‘मॅनेज’ काढून ‘तडजोड’ केलं आणि ओळ जाऊ दिली. भाषा सुधारली, एवढंच माझं संपादन. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस कार्यालयात आला. त्याचं खतांचं दुकान होतं, शर्टाच्या खिशाला पिवळट डाग होता. त्याने कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाला, ‘साहेब, हे कोण बोललं, तेवढं सांगा.’ मी वार्ताहराला फोन केला. त्याने टपरीवर ऐकलं होतं. टपरीवर कोण बोललं, ते त्याला आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही आतल्या पानावर एक कॉलमी खुलासा दिला. तोवर मतपेट्या बंद झाल्या होत्या. तो हरला. आमच्यामुळे हरला का, ते मला कधीच कळणार नाही, आणि त्यालाही.

तेव्हापासून मी वर्गाच्या शेवटी एकच काम देतो. अँडरसन यांचं वाक्य फळ्यावर लिहितो आणि मुलांना सांगतो की त्यात गाळलेलं सगळं परत घाला. जे हातात होतं तेवढंच ठेवा. खाडाखोड होत होत बहुतेकांचं वाक्य शेवटी असं होतं: ‘१९६८ मध्ये ईगलटन यांच्याकडून हरलेले ट्रू डेव्हिस सांगतात की ईगलटन यांना अटक झाल्याचे कागद त्या वेळी आपल्यापर्यंत आले होते. ते कागद आम्ही पाहिलेले नाहीत. त्यांची शहानिशा झालेली नाही.’ मग मी विचारतो, कितव्या पानावर लावायची? आजवर एकाही मुलाने पानाचा नंबर सांगितलेला नाही.